घरचा संगणक : पडद्यावर रेघा आल्या, तर आधी काय तपासाल?



आपल्या वस्त्यांमध्ये आता संगणक आला आहे. कुणी मुलीच्या टंकलेखन परीक्षेसाठी पै-पै जमवून जुना घेतला, तर कुठे बुद्धविहाराच्या अभ्यासिकेला तो दान मिळाला. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी असा संगणक बिघडला की घरचा जीव टांगणीला लागतो. पडद्यावर रंगीत रेघा उठल्या, ठिपके आले किंवा पडदा काळाठिक्कर पडला, की बरेचदा एकच उत्तर मिळते, "ग्राफिक्स कार्ड गेले, नवे टाका." मोलमजुरी करणारे आमचे एक बांधव हे ऐकून बचत गटातून कर्ज काढायला निघाले होते. आम्ही पाहिले तर मॉनिटरची केबल सैल होती. ती घट्ट बसवली आणि चित्र स्वच्छ झाले. कर्ज टळले. म्हणून आज हा विषय.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र तयार करून मॉनिटरकडे पाठवणारा भाग. पुष्कळ साध्या संगणकांत हे काम प्रोसेसरच करतो, वेगळे कार्ड नसतेच. उभ्या कॅबिनेटच्या मागे पाहा. केबल माउस-कीबोर्डच्या जागेजवळ लागत असेल तर ती मदरबोर्डची जागा. खालच्या आडव्या पट्टीत लागत असेल तर तिथे कार्ड आहे. कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या जागी लावली, तर पडदा काळाच राहू शकतो.

पहिली तपासणी मॉनिटरची. त्याचे बटण दाबून त्याचाच मेनू उघडा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो. रेघा मेनूवरूनही जात असतील तर दोष बहुधा मॉनिटरमध्ये आहे. मेनू स्वच्छ आणि मागचे चित्र खराब असेल तर पुढे चला.

दुसरी केबलची. संगणक बंद करून केबल काढा, पिन वाकलेली आहे का पाहा, पुन्हा घट्ट बसवा. जुन्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या तारांतून येतो. निळ्याची तार तुटली की सारे चित्र पिवळट दिसते. तेव्हा कार्ड नव्हे, केबल बदलून पाहावी.

तिसरी तपासणी वेळेची. संगणक सुरू होताना कंपनीचे नाव दिसते तेव्हाच रेघा असतील, तर दोष यंत्राच्या भागात आहे. विंडोज सुरू झाल्यावरच येत असतील, तर ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवर संशय घ्यावा. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. सेफ मोडमध्ये चित्र ठीक असेल तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. याला पैसा लागत नाही.

चौथी उष्णतेची. आपल्याकडचा वैशाख माणसाला सोसवत नाही, तिथे कार्डाचे काय! सुरुवातीला चित्र चांगले आणि अर्ध्या तासाने बिघडत असेल, तर धूळ आणि पंखा पाहा. वीज बंद करून प्लग काढा, थोडे थांबा, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग मऊ ब्रशने धूळ झाडा, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. कार्ड आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवा. वेगळे कार्ड नसलेला संगणक चित्रासाठी रॅमच वापरतो, म्हणून सैल रॅममुळेही चित्र बिघडते. मात्र वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरी कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही तिच्यात विद्युतभार उरतो.

एवढे करूनही कार्ड गेलेच असेल तर घाबरू नका. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असेल, तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावा. टंकलेखन, शिष्यवृत्तीचा अर्ज, अभ्यासाचे व्हिडिओ यांना वेगळे कार्ड लागत नाही. मुलीचा अभ्यास थांबण्याचे कारण नाही.

कुणी गरम हवा मारून कार्ड जिवंत करतो म्हणाला, तर ते बहुधा थोड्या दिवसांचे सोंग असते. जुने कार्ड घेतानाही सावध राहा. एथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली, तेव्हा त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली पुष्कळ कार्डे बाजारात विक्रीला आली. आपल्या डोळ्यांसमोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सगळेच कारागीर फसवे नसतात. प्रामाणिक कारागिराला त्याची मजुरी आनंदाने द्यावी. पण तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे धम्म शिकवतो आणि संगणकही. तेव्हा "कार्ड गेले" असे कुणी म्हणाला, की पाकिटाला हात घालण्याआधी एकच विचारा, "कशावरून?" आणि हा प्रश्न विचारायला मुलींनाही पुढे करा.

जयभीम! नमो बुद्धाय!