काटे मोठे करून लाकूड कापत नाही, धार कापते!

शेतकरी बंधूंनो, सध्या नवीनच खूळ निघालंय. चेनसॉला पट्टीच्या बुडाशी मोठे लोखंडी काटे बसवा, म्हणे ओंडका झपाट्यानं कापतो. साफ चुकीचं आहे.

काट्याचं काम कापायचं नाही, धरायचं. काटे सालीत रुतवून मागची मूठ उचलली की पट्टी खाली उतरते. चेन मशीनला लाकडाकडं ओढते, तो झटकाही काटे अडवतात. जुनी बाभूळ, जुना आंबा, जाड खडबडीत साल, तिथं मोठे काटे उपयोगी पडतात, हे मान्य. पण आपण जास्त कापतो काय? वीतभर जाडीची सुबाभूळ, निलगिरी. तिथं मशीनसोबत आलेले छोटे काटे पुरतात. उलट काटे लांब तेवढी पट्टीची कापायची लांबी कमी.

खरा घोटाळा बोथट चेनचा. धार गेली की माणूस काट्यावर जोर देऊन रेटतो. मग इंजिन दबतं, पट्टी तापते, चेन ढिली पडते. पिठासारखा भुसा पडला की समजा धार गेली. धारेची चेन ढलप्या काढते आणि आपल्या वजनानं खाली जाते.

०.३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. पेट्रोल भरताना मशीन बंद करून प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारा, आतून बाहेर, सगळे सारखे.

पटत नसेल त्यानं एकाच ओंडक्यावर आधी बोथट चेननं, मग कानस मारून काप घ्यावा. काटे तेच ठेवा. उत्तर ओंडकाच देईल.