सारखे म्हणजे एकच नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

पुनरुक्ती हा लेखनातील दोष आहे, असे आपल्याला शाळेपासून शिकविले जाते. निबंधात तेच वाक्य पुन्हा आले की गुरुजी त्याखाली लाल रेघ ओढीत. महाविद्यालयात आल्यावरही, पाने वाढविण्यासाठी तेच ते लिहिणाऱ्याची परीक्षक गय करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु ही लाल रेघ आता माणसाच्या हातून यंत्राच्या हाती गेली आहे, आणि यंत्र रेघ ओढून थांबत नाही. ते ओळच पुसून टाकते. या गोष्टीचा विचार आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी करावयास हवा, असे मला वाटते. कारण ओळ म्हणजे काय, हे आपण नाही सांगायचे तर कोणी सांगायचे?

ब्राउझरमध्ये चालणारी, मजकुरातील दुबार ओळी काढून टाकणारी साधने आज फुकट मिळतात. वरच्या चौकटीत मजकूर चिकटवावा, बटण दाबावे. खालच्या चौकटीत प्रत्येक ओळ एकेकदाच उरलेला मजकूर मिळतो. यामागची युक्ती अगदी साधी आहे. यंत्र पहिल्या ओळीपासून वाचीत जाते आणि पाहिलेल्या ओळींची आठवण ठेवते. नवी ओळ आली की ती पूर्वी येऊन गेली आहे का, एवढेच तपासते. आली असेल तर गाळते, नसेल तर ठेवते. ही कल्पनाही काही आजची नव्हे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या यूनिक्स प्रणालीत १९७० च्या दशकापासून 'युनिक' नावाची आज्ञा आहे. ती मात्र लागोपाठ आलेल्या सारख्या ओळीच गाळते. म्हणून आधी सर्व ओळी क्रमाने लावून घ्याव्या लागतात. ब्राउझरमधील साधनांनी तोही त्रास वाचविला.

साधन उपयोगी आहे, हे आधीच मान्य करते. मी 'कमवा व शिका' योजनेतून आमच्या ग्रंथालयात काम करते. स्नेहसंमेलनासाठी तीन वर्गांतून तीन याद्या येतात, आणि तीच मुले नाटकातही असतात व समूहगीतातही. अशी यादी हाताने स्वच्छ करण्यात अर्धी दुपार जाते. यंत्राला क्षणही लागत नाही. वाचलेली दुपार वाचनात घालविता येते. तेव्हा यंत्राला नावे ठेवण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. माझे म्हणणे एवढेच, की सारखे दिसणे आणि एकच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतला भेद यंत्राला ठाऊक नाही.

उदाहरण ग्रंथालयाचेच घेऊ. एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या आपल्याकडे पाच प्रती असतात. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, सारे सारखे. वेगळा असतो तो फक्त दाखल क्रमांक. आता कोणी दाखल क्रमांक वगळून केवळ नावांची यादी केली आणि ती या साधनातून काढली, तर पाच प्रतींची एकच ओळ उरेल. यादी नीटनेटकी दिसेल यात शंका नाही. पण ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला, त्याच्या दृष्टीने पाचवी प्रत ही पुनरुक्ती नव्हे. पहिल्या चार प्रती पहिल्या चौघांनी नेलेल्या असतात. त्याचे शिक्षण त्या पाचव्या प्रतीवर चालते.

पुस्तकांचे जे, तेच माणसांचे. आमच्याकडे एकाच आडनावाची निम्मी गावे आहेत. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे, देवादिकांची नावे मोजकीच आहेत. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, तिन्ही जुळणारी दोन माणसे एकाच भावकीत निघतात, यात नवल नाही. नुसत्या नावांच्या यादीत यंत्राला ती एकच माणूस वाटतात. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात शिधापत्रिकेपासून शिष्यवृत्तीपर्यंत सर्व काही यादीवर चालते त्यांना विचारावे. अशा यादीतून जो गळतो त्याला कोणी नाकारलेले नसते. कोणी पाहिलेलेच नसते. नाकारले तर दाद तरी मागता येते.

याची दुसरी बाजूही तितकीच विचार करण्यासारखी आहे. सारखे ते एकच नव्हे, तसेच एकच असलेली गोष्ट यंत्राला सारखी दिसेलच असेही नाही. आणि येथे आपली मराठी विशेष अडचणीत येते. आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे नाव संगणकावर लिहून पाहा. त्यातला अर्धा 'र' दोन रीतींनी उमटविता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडावयाचा. दुसरी, साधा 'र' घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावयाचे. पडद्यावर दोन्ही नावे अगदी सारखी दिसतात. यंत्र मात्र अक्षराचे रूप पाहत नाही. त्यामागचे सांकेतिक आकडे पाहते, आणि ते आकडे भिन्न आहेत. त्याच्या लेखी ही दोन पुस्तके झाली. बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांचेही तेच. 'ॲरिस्टॉटल' मधील पहिले अक्षर असेच फसवे आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले; त्याआधीपासून 'अ' वर चंद्र चढवून काम भागविले जात असे, आणि आजही दोन्ही रूपे चालतात. ओळीच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागा किंवा '५' ऐवजी इंग्रजी वळणाचा पाच, एवढ्यानेही एका ओळीच्या दोन होतात.

यातली गंमत अशी, की बहुतेक साधनांत लहान-मोठ्या अक्षरांतील फरक दुर्लक्षिण्याची सोय दिलेली असते. इंग्रजीला ती हवीच. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे मुळी नाहीतच! ज्या खोड्या आपल्या लिपीत आहेत, त्यांच्यासाठी मात्र सहसा बटण नसते. साधन ज्या भाषेच्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून बनविले, त्याच भाषेच्या चुका त्याला कळतात. मराठीच्या चुका मराठी माणसालाच पाहाव्या लागणार.

येथवर याद्यांचा विचार झाला. साहित्याकडे वळले की प्रश्न अधिक खोल होतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त पुनरुक्त हा अर्थदोष सांगितला आहे, हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकतो. पण दोष कोणते हे सांगताना, ते कोठे दोष राहत नाहीत आणि कोठे गुणही होतात, हेही त्याने सांगितले आहे. यमकात अक्षरे तीच असतात, अर्थ वेगळा असतो. लाटानुप्रासात तर शब्दही तोच आणि अर्थही तोच. भेद असतो तो केवळ तात्पर्याचा. हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकाराने ओळखलेला हा भेद आजच्या यंत्राला ओळखता येत नाही, कारण तात्पर्य अक्षरांत नसते.

भगवद्गीता या साधनात घालून पाहिली तर काय होईल? कोण बोलत आहे हे सांगणारी ओळ गीतेत वारंवार येते. धृतराष्ट्र एकदाच बोलतो, म्हणून त्याची ओळ सुखरूप राहील. कृष्णाची आणि अर्जुनाची ओळ मात्र पहिल्यांदा राहील आणि पुढे सर्वत्र नाहीशी होईल. मग कोणता प्रश्न आणि कोणते उत्तर, हे कळावे कसे? एवढेच नव्हे. तिसऱ्या अध्यायातील ३५ व्या श्लोकाचा पूर्वार्ध अठराव्या अध्यायातील ४७ व्या श्लोकात जसाच्या तसा आला आहे. नवव्यातील शेवटच्या श्लोकाचा पूर्वार्ध अठराव्यातील ६५ व्या श्लोकात पुन्हा आला आहे. यंत्र पहिली ओळ ठेवील आणि नंतरची गाळील. म्हणजे जेथे सर्व उपदेशाचा समारोप होतो, जेथे आधी सांगितलेले मुद्दाम पुन्हा सांगितले आहे, नेमके तेथेच श्लोक अर्धे होतील.

आणि आपल्या जात्यावरच्या ओव्या? माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नाही. पण तिला येणाऱ्या ओव्या मोजून संपणार नाहीत. त्यांतल्या कितीतरी ओव्यांची पहिली ओळ एकच असते. फरक पुढच्या ओळीत पडतो. एकीत भाऊ येतो, दुसरीत माहेरची वाट येते, तिसरीत पंढरी येते. अशा ओव्या यंत्रात घातल्या तर पहिली ओळ एकदाच राहील, आणि बाकीच्या ओव्यांची धडे शिराविना पडतील. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' तर्फे प्रसिद्ध होत आहेत. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. या संग्रहाचे मोठेपण मला त्यात दिसते. एका गावच्या बाईने गायिलेली ओवी दुसऱ्या गावची बाई गाते, तेव्हा ती नक्कल नसते. दुसरीने आपले दुःख त्याच शब्दांत सांगितलेले असते. दहाजणींनी एकच ओवी गायिली, तर नोंद दहा असावयास हव्यात. नाहीतर नऊजणी गप्पच होत्या असे इतिहास समजेल.

यावर कोणी म्हणेल, "यात हत्याराचा काय दोष? विळ्याने गवत कापावे की बोट, हे कापणाऱ्याने पाहावे." आक्षेप रास्त आहे. पण विळा काय कापले ते दाखवितो. बांधावर गवताचा भारा पडलेला असतो. ही साधने बहुधा एवढेच सांगतात, की इतक्या ओळी काढल्या. कोणत्या काढल्या, ते सांगत नाहीत. माझी खरी तक्रार आहे ती ही.

ओळी गाळण्याचे काम जबाबदारीने कसे करावे, याचा धडा आपल्याच पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णू सीताराम सुखटणकर यांनी त्याचे प्रमुख संपादकत्व सांभाळले, आणि ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. निरनिराळ्या लिप्यांतील शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून संपादकांनी मूळ संहितेत न बसणाऱ्या ओळी बाजूला काढल्या. पण त्या फेकल्या नाहीत. पानाच्या तळाशी टिपांत व परिशिष्टांत त्या छापल्या, आणि कोणत्या हस्तलिखितात त्या आहेत हेही नोंदविले. उद्या एखाद्या अभ्यासकाला संपादकांचा निर्णय पटला नाही, तर पुरावा त्याच्या पुढ्यात आहे. गाळावे, पण गाळलेले दाखवावे, हा त्या संपादकांचा नियम आपण याद्यांनाही लावावयास काय हरकत आहे?

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. मूळ मजकुराची प्रत वेगळी ठेवल्याशिवाय बटण दाबू नये. यादीतल्या प्रत्येक ओळीत हजेरी क्रमांक, दाखल क्रमांक असे काहीतरी वेगळेपण असावे. मग दोन सारखी नावे यंत्रालाही दोनच दिसतील. आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजाव्यात, आणि जेवढ्या कमी झाल्या तेवढ्या शोधून डोळ्यांखालून घालाव्यात. कविता, नाटक, ओव्या यांना हे यंत्र लावूच नये. शिवाय लोकांचे पत्ते आणि मोबाईल क्रमांक असलेली यादी अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. काही साधने मजकूर आपल्याच संगणकात ठेवतात, काही तो दूरच्या संगणकाकडे पाठवितात. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून बटण दाबावे. तरीही साधन चालले, तर ओळी येथेच गाळल्या जात आहेत एवढे कळते.

विद्यार्थिमित्रहो, उद्या आपल्यापैकी अनेकजण शिक्षक होतील, कारकून होतील, ग्रामपंचायतीत किंवा बँकेत बसतील. याद्या आपल्याच हातून जाणार आहेत. आपल्या आधीच्या पिढ्या अशा याद्यांच्या पलीकडच्या बाजूला, खिडकीबाहेर रांगेत उभ्या होत्या. आपण खिडकीच्या आत जाऊन बसू, तेव्हा बाहेरच्याला "तुमचे नाव यंत्रातच नाही" एवढे सांगून मोकळे होणार असू, तर आपण शिकलो ते कशासाठी?

म्हणून गुरुजनांना आणि विद्यार्थी मंडळाला एक विनंती करते. यापुढे आपल्या महाविद्यालयात कोणतीही अंतिम यादी सूचनाफलकावर लागेल, तेव्हा तिच्या खाली 'दुबार म्हणून काढलेल्या ओळी' असा एक मथळा असावा आणि त्या ओळी आठवडाभर तेथे राहू द्याव्यात. कागद थोडा जास्त लागेल. पण ज्याचे नाव त्यात असेल, तो निदान येऊन सांगू शकेल, की ही ओळ दुसऱ्याची नाही, माझी आहे.