नामविक्रय

लंडनच्या ट्विकनम भागांतील रग्बीचें राष्ट्रीय मैदान रग्बी फुटबॉल युनियनने १९०७ सालीं विकत घेतलें, तेव्हां तेथें कोबी पिकत असे. ‘कोबीचा मळा’ हें थट्टेचें नांव त्यास अद्यापि चिकटलेलें आहे. १९१० सालीं तेथें इंग्लंड-वेल्स हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. पहिल्या महायुद्धांत तेथें गुरेंमेंढरें चरलीं, दुसऱ्यांत नागरी संरक्षणाचें ठाणें झालें. पण नांव टिकलें. २०२४ सालीं मात्र आलियान्झ या जर्मन विमा-कंपनीचें नांव द्रव्य घेऊन मैदानास देण्यांत आलें, आणि ट्विकनम केवळ पत्त्यापुरतें उरलें!

कोणी म्हणेल, ८२,००० प्रेक्षकांच्या मैदानाचा खर्च जुन्या नांवानें भागतो काय? द्रव्याचें वावडें आम्हांसही नाहीं. तेथें गायनाचे जलसे होतात, ते खुशाल व्हावेत. भिंतींवर जाहिराती लागाव्यात. परंतु घर भाड्यानें देणें निराळें आणि घराण्याचें नांव विकणें निराळें.

याच खेळांतील आमच्या देशाशीं निगडित असें एक उदाहरण पाहा. कलकत्त्याचा रग्बी क्लब मोडला, तेव्हां सभासदांनीं शिल्लक रुपये वितळवून चांदीचा चषक घडविला व १८७८ सालीं तो युनियनला अर्पण केला. इंग्लंड व स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता चषका’साठीं झुंजतात, ट्विकनमलाही झुंजतात. तो क्लब गेला, नांव राहिलें. कारण तें देणगीमागून आलें. विकत घेतलेलें नांव कराराच्या मुदतीपुरतें. असें मुदतीचें नांव राष्ट्राच्या मैदानास शोभत नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों.