नंबर सातचा दगड

सेकंड इयर सिव्हिलच्या जिऑलॉजी लॅबमध्ये एक लाकडी पेटी असते. कॉलेज कुठलंही असो, पेटी तीच! आत ओळीने ठेवलेले दगड आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने घातलेला नंबर. नंबर सात म्हणजे बेसॉल्ट, नंबर बारा म्हणजे ग्रॅनाइट. ही यादी सीनिअर्सकडून ज्युनिअर्सकडे वारसाहक्काने येते. त्यामुळे व्हायवाला दगडाकडे बघायचीही गरज नाही, नंबर वाचता आला की झालं. गंमत म्हणजे हाच नंबर सात लॅबच्या पायरीला आहे, कंपाउंडच्या भिंतीत आहे, हॉस्टेलमागच्या खडीच्या ढिगात आहे. पण तिथे त्याच्यावर नंबर नाही ना! मग ओळखणार कोण?

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे भूगोल नव्हता, जिऑग्रफी होती. 'ब्लॅक कॉटन सॉइल'ची वैशिष्ट्यं घडाघडा पाठ होती, आणि नांदेडला आमच्या घरामागे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी जमीन होती. या दोघींची एकमेकींशी ओळख शाळेनेही करून दिली नाही आणि पुढे इंजिनिअरिंगनेही नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की हा विषय फळ्यावर सांगून संपवायचा नाहीच. तो वर्गात, हाताने करायचा. आणि त्यासाठी लागणारं सगळं साहित्य मराठवाड्यात पायाखाली पडलेलं आहे.

सुतळीचंच घ्या. ४६ मीटर सुतळी हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये पसरायची (एका मजल्यात मावत नाही, जिना उतरावा लागतो). एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आपण. आता बेसॉल्टला गाठ मारा. आजच्या टोकापासून फक्त ६६ सेंटिमीटरवर! तो आपला सह्याद्रीपासून नांदेडपर्यंतचा काळा पाषाण, ज्याला आपण अनादी वगैरे म्हणतो, तो इतका अलीकडचा. देगलूर-बिलोलीकडे जो ग्रॅनाइट उघडा पडलाय त्याची गाठ मात्र २५ मीटरवर जाते. आणि माणूस? शेवटचे तीन मिलिमीटर. गाठसुद्धा मारता येत नाही.

याच सुतळीवर किल्लारीचं बोअर मांडता येतं. भूकंपानंतर हैदराबादच्या एनजीआरआयने तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली थेट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा जुना खडक. म्हणजे सुतळीवरच्या २४ मीटरच्या काळाची नोंद खाली फक्त आठ मीटरमध्ये उरलीय, बाकी सगळी झिजून गेली. हे वाक्य पुस्तकात वाचलं तर मी पान उलटलं असतं. सुतळी हातात धरून जिन्यात उभं राहिलं की गप्प व्हायला होतं.

किल्लारीचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपलेली. ६.२ तीव्रतेचा धक्का, तोही जमिनीच्या अगदी वरच्या थरात. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण कुठलाही घ्या, सात हजारांच्या वरच. ५२ गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. आपण कुणीच तेव्हा जन्मलेलो नव्हतो. पण आपल्या हॉस्टेलमध्ये औसा, निलंगा, उमरगा भागातली मुलं-मुली आहेत. माझ्या एका मैत्रिणीची आजी आजही माळवदाच्या खोलीत झोपत नाही.

हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात एक साधी पद्धत रूढ केली. लेक्चर मध्येच थांबवायचं, एक प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं आणि पुन्हा मत द्यायचं. अमेरिकेत भूशास्त्राच्या वर्गांतही ती चालते. आम्ही ती टीव्ही रूममध्ये करून पाहिली. प्रश्न असा: १९९३ च्या आधी नकाशावर किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये का होतं? ए) तिथे जमिनीखाली हालचालच नव्हती. बी) तिथे मोठा भूकंप झाल्याची नोंद कुणाकडे नव्हती. सी) बेसॉल्ट कडक असतो, तिथे भूकंप होत नाही. पहिल्या फेरीत सी दणक्यात निवडून आला! मग दहा मिनिटं असा गोंधळ झाला की रेक्टर मॅडम वर आल्या. उमरग्याकडची मुलगी म्हणाली, "अगं, नोंद नाही म्हणजे झालं नाही असं थोडंच असतंय?" दुसऱ्या फेरीत बी जिंकला. १९९२ मध्ये किल्लारीला लहान धक्के बसलेही होते. २००२ च्या सुधारित नकाशात झोन एक काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. हे वाक्य आता आमच्यापैकी कुणीही विसरणार नाही, कारण त्यावर आम्ही भांडलोय.

शेवयांचा प्रयोग तर मेसमध्येही होईल. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोलीचे धक्के नांदेडमध्ये जाणवले, दोन्ही ४.५ चे. किल्लारी ६.२. फरक दिसायला १.७ चा, पण एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे हिंगोलीसाठी एक शेवई मोडा, तर किल्लारीसाठी साधारण साडेतीनशेची जुडी मोडावी लागेल. मोडून बघा, मनगट सांगेल.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग भिंतीचा. ताटाखाली गोट्या ठेवायच्या, ताटात लहान दगड आणि ओल्या मातीच्या दोन भिंती उभ्या करायच्या. एक आपल्या जुन्या गावांसारखी: आत एक थर, बाहेर एक थर, मध्ये भरताड. दुसरीत मधूनमधून आरपार जाणारे लांब दगड. दोन्हींवर मातीचं जड छप्पर. ताट हलवलं की पहिलीचे दोन थर पोट फुगून सुटतात आणि छप्पर खाली. दुसरी पुष्कळ वेळ टिकते. किल्लारीत लोक झोपेत गेले ते असल्या भिंतींखाली. नंतर गावोगाव दगडाचीच धास्ती घेतली गेली. माझं स्पष्ट मत आहे की दगड वाईट नव्हता, बांधणी वाईट होती. दगड आणि बांधणी यातला हा फरक सिव्हिलच्या मुलांना नाही कळला तर कुणाला कळायचा? उद्या याच भागात स्लॅब आपणच टाकणार आहोत.

सर-मॅडम म्हणतील, सिलॅबस कोण संपवणार? आणि गेटचं काय? रास्त आहे. पण वर सांगितलेलं एकही काम एका पिरियडच्या वर जात नाही. काळ्या मातीच्या फुगण्याला तेवढे २४ तास लागतात, आणि तेव्हा ती एकटीच काम करते: चाळलेल्या मातीची १०-१० मिली पूड दोन नळ्यांत, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. पाण्यातली फुगून वर येते, रॉकेलातली ढिम्म. घरांच्या भिंतींना तडे का जातात यावर याहून चांगलं लेक्चर मी ऐकलेलं नाही.

आता एक विनंती. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि तरी आपल्याकडे बोअर घेताना खालून काय निघतंय ते बघायला कुणी थांबत नाही. ज्यांच्या शेतात या उन्हाळ्यात बोअर होणार आहे त्यांनी दर दहा फुटाला बाहेर पडणारी भुकटी मूठभर पिशवीत भरून आणावी. काळी, तांबडी, करडी, जशी निघेल तशी. जिऑलॉजी लॅबमध्ये रिकाम्या कपाटाची सोय झाली आहे. पिशवीवर नंबर नको, गावाचं नाव आणि फूट लिहा.