जंगल इथले, जमा तिथली

कोंबडीएवढा एक पक्षी आहे. रंगाने तपकिरी, दिसायला सामान्य, पाय मात्र अंगाच्या मानाने भलतेच थोराड. तो घरटे बांधत नाही आणि अंड्यांवर बसतही नाही. समुद्रकाठच्या झाडीत वाळू, पाचोळा, कुजकी लाकडे पायांनी मागे ओढत नर-मादी एक ढिगारा रचतात. मादी त्यात खोल अंडे पुरते. पाचोळा कुजताना निघणाऱ्या उबेवर, सत्तर-ऐंशी दिवसांनी ते फुटते. गवताच्या अढीत आपला आंबा पिकतो, जवळजवळ तसेच. पिल्लू बाहेर येते ते पंख फुटलेलेच. स्वतःच उकरत वर येते आणि आईबापांचे तोंडही न पाहता रानात चालते होते. मुलगा अमेरिकेला गेला म्हणून वर्षभर उसासे टाकणाऱ्या आमच्या पिढीला हे पचायला जरा जडच.

या पक्ष्याचे नाव निकोबारी मेगापोड. मेगापोड म्हणजे मोठ्या पायांचा. त्याचे भाऊबंद फिलिपिन्स, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया असे दूरवर पसरले आहेत, पण ही जात जगात फक्त आपल्या निकोबार बेटांवर आहे. मुख्य कचेरी तीच आणि शाखाही तीच.

या बेटांतले सर्वांत दक्षिणेचे ते ग्रेट निकोबार. क्षेत्रफळ नऊशे चौरस किलोमीटरांच्या थोडे वर. बहुतेक सगळे घनदाट जंगल. मेगापोडशिवाय तिथे निकोबारी पोपट आहे, सर्पगरुडाची एक चिमुकली जात आहे, आणि हिरव्या-तांबूस झळाळीचे निकोबारी कबूतरही आहे. हे कबूतर नामशेष झालेल्या डोडोचे हयात असलेले सर्वांत जवळचे नातलग, असे २००२ साली डीएनएच्या तपासणीतून दिसून आले. (कबुतराची मला तेवढी काळजी नाही. त्याच्या शाखा पार सॉलोमन बेटांपर्यंत आहेत.) एका घुबडाची गोष्ट तर आपल्या मुंबईतलीच. हुमायून अब्दुलअली यांनी १९६६ साली ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे येथे एक लहानसे घुबड मिळवले. ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात दाखल झाले. ही जात विज्ञानाला अगदीच नवी आहे, हे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी १९९८ साली जाहीर केले. बत्तीस वर्षे मुंबईतच असलेल्या वस्तूची नोंद व्हायला इतका काळ लागतो. मग त्या जंगलात अजून काय काय नोंदवायचे राहिले असेल?

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हे बेट हलवून टाकले. दक्षिण टोकाची जमीनच चार मीटरहून अधिक खचली. इंदिरा पॉइंटचे दीपगृह पाण्यात उभे राहिले. मेगापोड किनाऱ्याच्या झाडीत ढिगारे घालणारा, त्यामुळे पहिला घाला त्याच्यावर. नंतरच्या पाहणीत असे आढळले की, किनाऱ्यावरच्या प्रजनन करणाऱ्या जोड्या दशकभरापूर्वीच्या मानाने सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या असून आठशेच्या आसपास उरल्या आहेत. त्याच्याच नावाने राखून ठेवलेले मेगापोड बेट तर पाण्याखाली गेले. निसर्गाने केलेल्या नुकसानीची दाद कुणाकडे मागणार? पुढचे मात्र आपणच करतो आहोत.

ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला गॅलेथिया उपसागर आहे. चामडी पाठीची प्रचंड समुद्री कासवे तिथे अंडी घालायला येतात, मेगापोडचे ढिगारेही तिथे आहेत. १९९७ साली ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा तो दर्जा काढून घेण्यात आला. कारण तिथे मोठ्या जहाजांवरचे कंटेनर लहान जहाजांवर चढवणारे बंदर व्हायचे आहे. सोबत विमानतळ, वीजकेंद्र, नवे शहर. २०२२ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज ७२,००० कोटी रुपयांचा होता. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करायचे. झाडे किती जाणार याचा सरकारने संसदेत दिलेला अंदाज ९ लाख ६४ हजारांचा.

बंदराची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा हमरस्ता तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आपला माल कोलंबो आणि सिंगापूरला उतरून पुढे जातो आणि त्याचे पैसे तिथे मोजावे लागतात. संरक्षणाचा प्रश्नही खराच. १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबे तिथे वसवली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलीही होती, ती काही हौस म्हणून नव्हे. त्यांच्या मुलानातवंडांना इस्पितळ, रस्ता, रोजगार हवा, यात गैर काय? माझी हरकत हिशेबाला आहे.

तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात पर्यायी वनीकरण करावे लागते. ते ठरले हरियाणात, दोन-अडीच हजार किलोमीटर दूर, दुप्पट क्षेत्रावर. नियमात ते बसते. पण बँकेत कर्जखाते सांभाळत असताना एका गृहस्थांनी मला असाच प्रस्ताव दिला होता. तारण असलेली आमराई तोडायची परवानगी मागितली आणि बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यातली माळजमीन देऊ केली, क्षेत्रफळ दुप्पट. 'साहेब, तुमचा फायदाच आहे,' असे वर ऐकवले. मी कागद परत केले. एकर एकराशी जुळत होते, आंबा कशाशीच जुळत नव्हता. हरियाणात लावलेली झाडे उद्या वाढतील, बहरतील, त्यांवर तिथली पाखरे बसतील. मेगापोड बसणार नाही. नावे एका खात्यावर आणि जमा भलत्याच खात्यावर, अशा नोंदीला आमचे ऑडिटर काय म्हणत ते वर्तमानपत्रात छापण्याजोगे नाही.

मेगापोडसाठी म्हणून मेंचाल नावाच्या बेटावर नवे अभयारण्य केले आहे. मोजून सव्वा चौरस किलोमीटरचे. गॅलेथियाचे गेले ते अकरा चौरस किलोमीटरांहून अधिक होते. शिवाय मेंचालवर मेगापोड आधीपासूनच होता. ज्याच्या घरी राहायला पाठवायचे, त्याचे घर आधीच भरलेले आहे. शोंपेन आणि निकोबारी लोकांचा, या बेटाच्या मूळ रहिवाशांचा, प्रश्न तर याहून मोठा. त्सुनामीने किनाऱ्यावरून उठलेले निकोबारी आपल्या जुन्या गावांकडे परत जाऊ द्या, असे सांगत आले आहेत. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.

मला मागायचे ते थोडे आहे. गॅलेथियाचा किनारा सोडून बंदराचा आवाका किती लहान करता येईल, हे पक्ष्यांच्या जाणकारांना समोर बसवून ठरवा. आणि किनाऱ्यावरचे चालू ढिगारे दर हंगामात मोजा. मोजणारे प्रकल्पाच्या पगारावरचे नसावेत. तो आकडा दरवर्षी वर्तमानपत्रात छापून यावा, धरणांतल्या पाणीसाठ्याचा येतो तसा, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी.