दुखण्याचा आकडा खरा सांगा



कॅन्सरचा पेशंट घरी असला की हल्ली काही दवाखाने मोबाईलवर रोज एक प्रश्न विचारतात. शून्य ते दहामध्ये आज दुखणे किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. कुठे त्यासाठी ॲप असते, कुठे साधा व्हॉट्सॲप, कुठे नर्सचा फोन. आकडा चढला की तिकडून विचारपूस होते, गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून मिळते.

मी या सोयीच्या बाजूची आहे. कोल्हापूरहून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जायचे म्हणजे सुमारे पावणेचारशे किलोमीटर. कॅन्सर हाडात उतरलेल्या बाईला रस्त्यातल्या एकेका खड्ड्याला काय होते, ते सोबत गेलेल्यालाच माहीत. पण आपल्या घरांतून जाणारा आकडा बऱ्याचदा खोटा असतो, ते मला खटकते.

नात्यातल्या एका काकूंचे सांगते. फोन सुनेच्या हातात. ती विचारायची, "काकू, आज किती लिहू?" काकू म्हणायच्या, "लिही तीन." रात्रभर उशीत तोंड खुपसून कण्हणाऱ्या बाईचे हे तीन! पलीकडच्या नर्सला तीनच दिसणार, मग ती कशाला फोन करील? मुलाची धावपळ नको, आल्यागेल्यासमोर रडगाणे नको, आणि वर पूर्वकर्माचा उदय आहे, भोगलेच पाहिजे. भेटायला आलेल्या बायका बाहेर पडताना म्हणायच्या, केवढी समता!

मला हे पटत नाही. वेदनीय कर्माचा उदय मान्य. पण आर्तध्यानाच्या चार प्रकारांत वेदनेने होणारे ध्यानही सांगितले आहेच ना? दुखण्यापायी णमोकाराची एक माळ पुरी होत नाही, सामायिकाला बसले तरी मन त्या दुखऱ्या मणक्यापाशीच. उपवासाचा कष्ट आपण आपणहून, नियम घेऊन सोसतो. आजाराने लादलेले दुखणे लपवणे म्हणजे तप नव्हे. औषधदान चार दानांत आणि वैयावृत्य तपात धरलेले आहे. मग घेणारीनेच संकोचायचे कशाला?

वेळेवर कळवण्याने काय होते, याचा अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात, कॅन्सर शरीरात पसरलेल्या ७६६ पेशंटांवर तो झाला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दुखणे, मळमळ, थकवा नेमाने संगणकावरून कळवायचे, त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीसारखी. कळवणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने निघाले, दुसऱ्या गटाचे २६. प्रयोग नव्या औषधाचा नव्हता, नुसत्या कळवण्याचा होता.

आता आपल्या घरची खास अडचण. कॅन्सरच्या दुखण्याची गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखायला लागण्याची वाट पाहायची नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितले आहे. मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी असते. काकूंचा सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग, आणि हे डॉक्टरांना कुणी सांगितलेलेच नव्हते! संध्याकाळनंतरच्या गोळ्या डबीत राहायच्या आणि पहाटे जीव जायची वेळ. सुनेने शेवटी फोनवर ते स्पष्ट सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी बारा तास पुरणारी गोळी लिहून दिली. तीन दिवस चालणारी, कातडीवर लावायची पट्टीही असते. ज्याला-त्याला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील, पण नियम आपणच सांगायला हवा. मधेच कळ उठली तर रात्री जादा मात्रा लागू शकते. त्या वेळी व्रताचे काय, हे महाराजांना किंवा माताजींना आधीच विचारून ठेवावे.

मोबाईलने सगळे भागत नाही, हेही खरे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधे डॉक्टरांना फोनवर तपासून लिहून देता येत नाहीत, आणि मॉर्फिन त्यातच येते. म्हणून डबी रिकामी व्हायच्या आधी कुणीतरी कागद घेऊन जायची तयारी ठेवावी. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, ही भीती मात्र सोडा. ते दुखण्याचे औषध आहे, शेवटाचे नव्हे. त्याने बद्धकोष्ठ होतो, तोही कळवा, संकोच नको. पेशंट हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद वाटत असेल, तर मेसेज टाकून उत्तराची वाट पाहू नका. सरळ फोन लावा, दवाखाना गाठा.

आणि आकडा पेशंटला स्वतःलाच सांगू द्या. वाचता येत नसेल तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे असतात, त्यावर बोट ठेवता येते. पाहुणे गेल्यावर, मुलगा खोलीत नसताना, एकटीला विचारा. "किती?" असे विचारून भागत नाही. रात्री कितीदा उठलात, कुशीवर वळता आले का, माळ पुरी झाली का, हे विचारा आणि मगच आकडा लिहा.