औषधावरची तारीख आणि आपल्या गावचे ऊन



बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापलेला असतो. तीच पिशवी दोन महिने पत्र्याखाली तापली, तर टक्का पिशवीवरच राहतो आणि शेतात तूट पडते. औषधाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की बियाण्याची खोट आठ दिवसांत तासावर दिसते. औषधाची दिसत नाही.

औषध म्हणजे रसायन. उष्णता आणि ओल लागली की त्याची मोडतोड होते. ॲस्पिरिनच्या गोळीला ओल लागली की तिचे सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल होते. म्हणून जुन्या डबीला आंबूस वास येतो. पण दर वेळी वास येतोच असे नाही. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. तापले तर त्याचा गुण उतरतो. दिसायला मात्र ते पाण्यासारखे स्वच्छच. किंमत मोजते ती बाळंतीण.

मग तारीख ठरते कशी? २०१९ च्या नियमांप्रमाणे आपल्या देशात नव्या औषधाची परीक्षा ३० अंश तापमान व ७० टक्के आर्द्रतेत १२ महिने, आणि ४० अंश व ७५ टक्क्यांत ६ महिने होते. मधूनमधून नमुने काढून किती औषध शिल्लक आहे ते मोजतात. या शास्त्राशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते कारखान्यापासून गावापर्यंतच्या प्रवासाशी. अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बंद टेम्पोत आणि पत्र्याच्या दुकानात काय होत असेल? सरासरी तापमान सांगून कोणी समजूत घालू नये. दहा अंश वाढले की मोडतोडीचा वेग साधारण दुपटीवर जातो. उन्हाळ्यात गेलेला गुण हिवाळ्यात परत येत नाही.

उपाय नाही असे नाही. सर्पदंशावरची लस सुकवून भुकटी केली की ती शीतपेटीबाहेरही टिकते. खेडे डोळ्यांसमोर ठेवले तर औषध खेड्याला साजेसे करता येते.

गोळ्या फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. चुलीशेजारी, खिडकीत ठेवू नका, वेष्टनातून आधीच काढू नका, एवढे आपल्या हातात आहे. बाकीचे सरकारच्या हातात आहे. प्रत्येक आरोग्य केंद्राच्या औषध कोठारात तापमापक लावा आणि रोजची नोंद भिंतीवर लिहा. वीज गेली तरी शीतपेटी चालेल अशी सोय करा. तपासणीचे नमुने शेवटच्या गावातल्या शेवटच्या दुकानातून, तेही मे महिन्यात घ्या. ठेवण्याच्या सूचना मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत छापा.

कापसात १२ टक्क्यांवर ओलावा निघाला तर सीसीआय आपली गाडी परत पाठवते. आपल्या मालाचा ओलावा मोजण्याइतके यंत्र सरकारजवळ आहे. तेच माप आपल्या औषधाच्या कोठारालाही लावा, ही मागणी जिल्हा बैठकीत एकमुखाने झाली पाहिजे.